सदर काम मी स्वतः केले असून…

शुद्धलेखनाची चूक दिसली की हल्ली माझा ऊर भरून येतो. ‘परिस्थिती’तल्या वेलांट्या उलटसुलट पडलेल्या असाव्यात, ‘आणि’चं ‘आणी’ झालेलं असावं, एखादं वाक्य सुरू झालेलं असावं आणि मध्येच क्रियापद विसरून पुढच्या मुद्द्याकडे निघून गेलेलं असावं, की माझा जीव भांड्यात पडतो. हे माणसानं लिहिलंय. तेही आमच्याच तालुक्यातल्या माणसानं.

मी सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. इतकी वर्षं लाल पेनाच्या रिफिली ज्या चुकांवर संपवल्या, त्यांच्याकडेच आता मी पाठीवरून हात फिरवावा तसं बघते. कारण ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि वर्षा-दोन वर्षांत आमच्या मुलांचं मराठी एकदम सुधारलं. ‘सर्वांगीण’, ‘बहुआयामी’, ‘शाश्वत’, ‘समावेशक’ असे शब्द द्वितीय वर्षाच्या मागच्या बाकावरून यायला लागले. ज्या मुलानं वर्गात वर्षभर ‘हजर’ याखेरीज शब्द काढला नाही, त्याच्या गृहपाठाची सुरुवात ‘आजच्या वेगाने बदलत्या जागतिकीकरणाच्या युगात’ अशी होऊ लागली. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या शिकवण्याचा परिणाम.

माझं हे चुकांवरचं प्रेम मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. रोल नंबर ५२ नं यंत्रालाच सांगितलं, ‘यात थोड्या चुका टाकून दे.’ त्यानं टाकून दिल्या. चुका इतक्या नेमक्या अंतरावर, की तिफणीनं पेरल्यासारख्या. आमच्याकडची मुलं चुका अशा करत नाहीत. आमच्याकडे पहिलं पान देवाचं नाव घेतल्यासारखं स्वच्छ असतं आणि मग पाचव्या पानावर जी घसरण लागते ती शेवटपर्यंत.

आता नक्कल हा काही या यंत्राचा शोध नव्हे. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉपीमुक्त अभियान निघतं आणि परीक्षा केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला लागतात. ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंचांच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या दहावी-बारावीच्या पैलतीराला लागल्या, त्यातले काही आज शिक्षणमहर्षी आहेत. माझे धाकटे दीर इंजिनिअर आहेत. त्यांच्या होस्टेलवर ‘जीटी’ नावाची कला होती. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांच्या मध्ये खिडकीची काच आडवी ठेवायची, खालून शंभराचा बल्ब लावायचा, काचेवर हुशार मुलाची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर बोल्ट-नट गिरवत बसायचं. काच तापायची, घामाचे थेंब शीटवर पडायचे, पहाटे कुणीतरी चहा आणायचा. भाऊजी अजून सांगतात, ‘वहिनी, त्या बोल्टचा आटा मला आज झोपेत काढायला सांगितला तरी काढीन.’

मुद्दा तिथेच आहे. जुनी नक्कल बोटांतून जात असे. शंभर पानं उतरवून काढली की त्यातली दोन पानं इच्छा नसतानाही डोक्यात अडकत. नव्या नकलेचं तसं नाही. ती एका मोबाइलमधून निघते, दुसऱ्या मोबाइलवर जाते, सायबर कॅफेवाल्याच्या प्रिंटरमधून बाहेर पडते, स्पायरल बाइंडिंग होऊन माझ्या टेबलावर येते, आणि या सगळ्या प्रवासात तिचा स्पर्श फक्त सायबरवाल्याला झालेला असतो. त्या माणसाचं अर्थशास्त्र मात्र फार सुधारलंय. परवा त्यानं मला रंगीत पानाचा दर वाढवण्यामागे मागणीची लवचीकता किती कमी आहे हे समजावून सांगितलं.

यावर उपाय म्हणून आमच्या विभागानं ठरवलं, की गृहपाठ हातानं लिहून आणायचा. म्हणजे निदान बोटांतून तरी जाईल. पहिला गठ्ठा आला. एका वहीत प्रत्येक उपशीर्षकाच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन चांदण्या होत्या. निळ्या पेननं काढलेल्या, एका रेषेत, प्रत्येकीला पाच टोकं. मला वाटलं, मुलगी हौशी आहे, सजावट केलीय. मग दुसऱ्या वहीत त्याच चांदण्या. तिसऱ्यातही. तेव्हा कुठे उलगडा झाला. यंत्राला अक्षर ठळक करायचं असलं की ते शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे लावतं. मोबाइलवर कधीकधी अक्षर ठळक होत नाही आणि तारे तसेच उरतात. पोरांनी ते तारे इमानेइतबारे वहीत उतरवले होते. एकानं तर शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘तुम्हाला हवे असल्यास मी याचा तक्ताही तयार करून देऊ शकतो.’ मी खाली शेरा दिला, ‘द्या.’ तो तक्ता अजून आलेला नाही.

नवीन शैक्षणिक धोरणानं आमच्याकडे प्रकल्पांचा सुकाळ केलाय. फिल्ड प्रोजेक्ट आहे, सीईपी आहे, ओजेटी आहे. आद्याक्षरं पाठ करण्यालाच एखादं क्रेडिट द्यायला हरकत नव्हती. पर्यावरणाचा प्रकल्प तर त्याच्या आधीपासून होताच. रोल नंबर ३७ माणगंगेच्या काठचा. त्यानं विषय घेतला ‘माझ्या गावातील नदी’. ज्यांना माणदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माणगंगा ही वर्षातला बराच काळ वाळूवरून ओळखायची नदी आहे. पुलावरून जाताना पाहुण्याला ‘ही आमची नदी’ असं बोट दाखवून सांगावं लागतं. रोल नंबर ३७ च्या अहवालात मात्र तिच्या ‘बारमाही प्रवाहावर उपजीविका करणारे मच्छीमार बांधव’ होते. ‘जलचर पक्ष्यांचा किलबिलाट’ होता. शिफारशींमध्ये नौकाविहार सुचवला होता, शिवाय पर्यटकांना जीवरक्षक जॅकेट सक्तीचं करावं अशी काळजीपूर्वक सूचनाही होती.

मी विचारलं, ‘अरे, तुझ्या घरापासून नदी किती लांब?’

‘घराच्या मागंच हाय, मॅडम.’

‘आत्ता तिच्यात काय आहे?’

‘क्रिकेट.’

आता यात लबाडी किती आणि भाबडेपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पोरगं रोज संध्याकाळी त्या नदीत बॅटिंग करतं. पण छापील अक्षरात मच्छीमार बांधव दिसल्यावर त्याला वाटलं, असतील बुवा. यंत्राचंही एका अर्थानं चुकलेलं नाही. त्याचं काम एका शब्दामागून बहुधा कुठला शब्द येतो याचा अंदाज बांधत जाणं. त्यानं वाचलेल्या ढीगभर मजकुरात नदी म्हटली की पाणी येतं, पाणी म्हटलं की मासे येतात, मासे आले की मच्छीमार बांधव आलेच. माणगंगेची वाळू त्याच्या वाचनात किती आली असणार? ती ज्याच्या पायाला लागलेली होती, त्याला आम्ही कधी ‘तुला काय दिसतं ते लिही’ असं म्हटलंच नव्हतं. आम्ही ‘नदीचे महत्त्व विशद करा’ असं म्हटलं होतं. विशद तर झालं.

संदर्भग्रंथांची गोष्ट याहून रंगतदार आहे. एका प्रकल्पाच्या शेवटी अशी तीन मराठी पुस्तकं दिली होती, की नावं वाचूनच विकत घ्यावीशी वाटावीत. दुष्काळी भागातल्या बचत गटांच्या अर्थकारणावर स्वतंत्र ग्रंथ! लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, सगळं जागच्या जागी. आमचे ग्रंथपाल जुन्या वळणाचे. त्यांनी कपाटं पालथी घातली, सापडेनात म्हणून पुण्याला अप्पा बळवंत चौकातल्या एका विक्रेत्याला फोन लावला. विक्रेता क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘तिन्ही आउट ऑफ प्रिंट आहेत, नवी आवृत्ती दिवाळीनंतर.’ ती पुस्तकं कधी लिहिलीच गेलेली नव्हती. तेव्हापासून ‘यंत्र बेधडक थापा मारतं, माणूस असं करणार नाही’ असं कुणी म्हणालं की मी अप्पा बळवंत चौकाकडे तोंड करून नमस्कार करते.

आणि हे फक्त आमच्या पोरांचंच होतं असं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीनं रचलेले, कधीच न झालेले निकाल कोर्टापुढे ठेवले. त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलरचा दंड झाला. हा किस्सा मी वर्गात सांगितला तेव्हा सगळ्यांनी गंभीरपणे मान हलवली. नंतर एकानं विचारलं, ‘मॅडम, रुपयांत किती होत्यात?’ सांगितल्यावर तो शेजारच्याला म्हणाला, ‘एवढ्यात ट्रॅक्टरचा हप्ता जातोय की.’

पकडायचं कसं, हा प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीत रोज निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ मध्ये केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, त्यापुढे चाळीस, साठ अशा चढत्या पायऱ्या. पण ते नियम दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य शोधतात. इथे मजकूर तर कोरा करकरीत आहे. याआधी तो जगात कुठेच नव्हता. मग निघाली यंत्र ओळखणारी यंत्रं. खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असं एक आणलं. यंत्रानं लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकी सव्वीस ते ओळखायचं, आणि माणसानं लिहिलेल्या शंभरातल्या नवांना उगाच चोर ठरवायचं. जुलैमध्ये त्यांनी ते गुपचूप बंद केलं. शंभरातले सव्वीस म्हणजे आमच्याकडे एटीकेटीसुद्धा मिळत नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रं घेतली आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना घातले. सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंध ‘यंत्रानं लिहिलेले’ ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण साधं आहे. ही यंत्रं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि परकी भाषा जपून लिहिणारा माणूस नेहमी अपेक्षित शब्दच लिहितो. हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या पिढीचं सगळं इंग्रजी अपेक्षितमधूनच आलेलं. ‘माय फेव्हरिट टीचर’वर महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी एकच बाई रंगवली, उंच, गोऱ्या, वक्तशीर आणि प्रेमळ. माझा रजेचा अर्ज त्या ओळखयंत्रात घातला तर नोकरीला लागल्यापासूनची मी यंत्रच ठरेन.

तेव्हा पकडापकडीचा नाद मी सोडून दिला. त्यातून २०२५ मध्ये सगळा माल फुकट झाला. एअरटेलनं ग्राहकांना पर्प्लेक्सिटी दिलं, जिओनं आधी तरुण पोरांना जेमिनी दिलं, ओपनएआयनं भारतात चॅटजीपीटी गो वर्षभरासाठी मोफत केलं. रिचार्जवर फुकट मिळालेली वस्तू वापरू नका, असं मी कुणाला सांगणार? आमच्या घरात अजून साबणावर फुकट आलेला स्टीलचा चमचा आहे.

महाविद्यालयानं आधी ‘सक्त मनाई’चं परिपत्रक काढलं. पंधरवड्यानं ‘जबाबदारीने वापर’ या विषयावर कार्यशाळा झाली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं ‘वेळ कमी आहे म्हणून थोडक्यात बोलतो’ असं प्रदीर्घ भाषण, आभार. पाहुण्यांनी पडद्यावर दाखवलेल्या मुद्द्यांच्या दोन्ही बाजूंना मला दोन-दोन चांदण्या दिसल्या. पण मी आभार मानणार होते, म्हणून गप्प बसले.

आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकचा अहवाल लिहिताना सातव्या निकषात संस्थेच्या ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ लिहायच्या होत्या. तो अहवाल ज्या ओघवत्या भाषेत गेला, त्या भाषेत आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला चहासुद्धा मागता येत नाही. माणगंगेत नौकाविहार काढणाऱ्या रोल नंबर ३७ ला मी रागवायला लागले की आमचं ते ‘मूल्याधिष्ठित, विद्यार्थिकेंद्री, हरित परिसंस्थेचे प्रांगण’ डोळ्यांपुढे येतं. त्या प्रांगणात सध्या एक लिंब आहे आणि त्याखाली प्राचार्यांची गाडी असते.

प्रत्येक प्रकल्पाला एक सर्टिफिकेटचं पान असतं. ‘सदर काम विद्यार्थ्याने स्वतः केले असून…’ त्याखाली विद्यार्थी, मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि बाहेरचे परीक्षक इतक्या जणांच्या सह्या. एवढ्या माणसांनी इतक्या गांभीर्यानं सही केलेलं आणि एकानंही न वाचलेलं दुसरं पान आपल्या शिक्षणात नसेल. मी ते वाचायला लागले, ते या यंत्रामुळे. ‘स्वतः केले’ म्हणजे काय, हे आता तोंडी परीक्षेत विचारायचं असं ठरवलं. गृहपाठ कुणाकडूनही घे. मोठ्या बहिणीकडून, अपेक्षितमधून, जेमिनीकडून. पण माझ्यासमोर बसून तुला तो सांगता आला पाहिजे, आणि कुणाकडून काय घेतलं तेही.

‘घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त लिहिलायस. काय असतो तो?’

रोल नंबर ५२: ‘मॅडम, ते आत हाय सगळं.’

‘आत राहू दे. पहिला वडापाव खाल्लास, बरं वाटलं. दुसरा खाल्लास. चौथा नको वाटतो. का?’

‘पैसं संपत्यात.’

उत्तर चुकलं. सिद्धान्तात वडापावचा कंटाळा यायला हवा, खिशाचा संबंध नाही. पण हे उत्तर जगातलं कुठलंही यंत्र देणार नाही, कारण ते कधी उपाशी एसटी स्टँडवर उभं राहिलेलं नाही. खिशाची मर्यादा पुढच्या प्रकरणात येते. हा गडी सिद्धान्त चुकवून थेट तिथे पोचला होता. मी त्याला त्या प्रकरणाचे गुण दिले.

रोल नंबर १४ चा प्रकल्प मात्र मी घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवला. विषय ‘आमच्या डाळिंबाच्या बागेचा जमाखर्च’. वडिलांना काय विचारायचं याची प्रश्नावली तिनं यंत्राकडून करून घेतली होती आणि तसं लिहिलं होतं. खर्चाचे आकडे वडिलांच्या डायरीतून. डायरीचे फोटो मागे जोडलेले, त्यात मध्येच ‘आक्काला ५०० दिले’ अशीही नोंद. मग तिनं यंत्राला विचारलं, उत्पन्न कसं वाढेल? उत्तर आलं, की डाळिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात, तेव्हा तिन्ही बहार घ्या, उत्पन्न तिप्पट होईल. हे तिनं वडिलांना वाचून दाखवलं. प्रकल्पात पुढचं वाक्य असं आहे: ‘वडील बराच वेळ हसले.’

त्याखाली वडिलांचं म्हणणं तिनं त्यांच्याच भाषेत दिलंय. तीन बहार येतात खरे, पण झाडावर वर्षात एकच धरायचा. त्याआधी पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची. ‘झाडाला बी इसावा लागतोय. तिन्ही धरलं तर तिसऱ्या साली सरपान.’ त्यावर तिचा स्वतःचा परिच्छेद: यंत्रानं बहारांची नावं बरोबर सांगितली, गुणाकारही बरोबर केला, पण झाडाचा थकवा त्यानं खर्चात धरला नाही. मग तिनं तो धरला. ताणाच्या काळात बाग काहीच देत नाही, त्या महिन्यांचं घरखर्चाचं उसनं, त्याचं व्याज, आणि तेल्या रोग आला तर काय, असा वेगळा तक्ता तिनं केला. माझ्याकडच्या पाठ्यपुस्तकात घसाऱ्याचं उदाहरण म्हणून अजून गिरणीचं यंत्र आहे. पुढच्या वर्षी मी डाळिंबाचं झाड देणार आहे.

तिच्यामुळे मला सुचलं आणि यंदा सर्टिफिकेटच्या पानावर मी एक रकाना वाढवला: ‘यंत्राची मदत कुठे घेतली, काय विचारले, त्यातले काय टाकून दिले?’ परवा सबमिशन झालं. रकाने वाचत बसले होते. ‘घेतली नाही, शपथ.’ ‘घेतली, पण थोडी.’ ‘भावाने घेतली, मी भावाकडून घेतले.’ ‘इंग्रजी लेख समजत नव्हता म्हणून मराठीत समजावून घेतला, मग परत लेख वाचला, आता समजतो.’ हिला बोलावून बघितलं, खरंच समजत होता. ‘टाकून काही दिले नाही, सर्व चांगले होते.’ आणि रोल नंबर ३७. त्यानं अतिशय सुबक, निर्दोष, बहुआयामी मराठीत लिहिलं होतं, की सदर प्रकल्पात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केवळ हा रकाना भरण्यासाठी नैतिक व पारदर्शक पद्धतीने करण्यात आला आहे.

रकान्याचे मी त्याला पैकीच्या पैकी दिले. नदीचं सोमवारी तोंडीला बघू.